मयताने दिलेली तक्रार

मेलेल्या माणसाने मोबाईल हरवल्याची तक्रार दिल्याचे मी साऱ्या नोकरीत एकदाच पाहिले. निवृत्त झाल्यावर कित्येक मोठे गुन्हे माझ्या आठवणीत पुसट झाले, पण ते प्रकरण जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. यातली बहुतेक माणसे आजही आपापल्या गावी आहेत, म्हणून नाव कोणाचेच देणार नाही.

तेव्हा मी लातूरला पोलीस निरीक्षक होतो. बरीच वर्षे ठाणी सांभाळल्यावर माझी नेमणूक अभिलेख शाखेत झाली. ठाणे सुटले की अधिकाऱ्याचा रुबाब गेला असे लोकांना वाटते. भेटायला येणारे सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून बसायचे. मी मात्र खूश होतो. ठाण्यात आपल्या हद्दीपुरते दिसते, अभिलेखात सगळा जिल्हा दिसतो.

आमच्याकडे काम होते ते लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांच्या संगणकातल्या नोंदी एकत्र करून नव्या डेटाबेसमध्ये भरण्याचे. गुन्हे, आरोपी, बेपत्ता माणसे, अनोळखी मृतदेह, हरवलेल्या वस्तू, सगळे. त्यासाठी नांदेडच्या एक अभियंता कंत्राटावर आल्या होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बोलणे मोजके, आणि समोरच्याला समजेपर्यंत सांगण्याची चिकाटी दांडगी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावले, "सर, डेटाबेस म्हणजे नुसतं कोठार नाही. त्यात नियम लावता येतात. अटकेची तारीख गुन्ह्याच्या आधीची चालणार नाही. आरोपी आहे, तर त्याच्यामागे गुन्हा नोंदलेला पाहिजेच. एका लायसन्सवर दोन माणसं नकोत. जुन्या सिस्टीममध्ये असे नियम फारसे नव्हते. आता भरण्याआधी नियम मोडणाऱ्या नोंदी शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या."

"दुरुस्त कोण करणार?"

"सॉफ्टवेअर सुचवतं. कमीत कमी बदल करून नोंद नियमात बसते का, ते बघतं."

काम सुरू झाले आणि आमच्या शाखेची चांगली करमणूक झाली. एक आरोपी जन्माच्या आधीच अटक झालेला निघाला. सहा वर्षांची एक मुलगी विवाहित होती. तिच्या वयातला एक आकडा टायपिंगमध्ये गळाला होता. एका चोरीत म्हशीचा रंग आणि शिंगांचे वर्णन आरोपीच्या नावावर चढले होते. तो आरोपी कागदोपत्री काळा, शिंगे मागे वळलेला असा होता. हवालदार हसून हसून बेजार झाला. मी एवढेच सांगून ठेवले होते, की मूळ कागद पाहिल्याशिवाय एकही दुरुस्ती मान्य करायची नाही.

एका दुपारी मॅडमनी मला स्क्रीनजवळ बोलावले. "सर, हे बघा. नियम आहे, मृत्यूनंतर त्या माणसाच्या नावाने नवी नोंद येऊ नये. इथे आली आहे."

नोंद अहमदपूरच्या एका माणसाची होती. मार्केट यार्डातल्या भांडणात त्याने एका हमालाच्या पोटात चाकू खुपसला होता. हमाल वाचला, पण जन्माचा अधू झाला. खुनाच्या प्रयत्नाचा खटला सुरू होता, आरोपी जामिनावर होता. साक्षी होऊन निकाल जवळ आला आणि आरोपी महामार्गावर अपघातात मेला. न्यायालयाने खटला बंद केला. आरोपीच मयत झाल्यावर खटला कोणावर चालवणार?

आणि त्यानंतर दीडेक वर्षाने नांदेडच्या एका ठाण्यात, त्याच लायसन्स नंबरवर, मोबाईल हरवल्याची ऑनलाइन तक्रार आली होती. नाव तेच, वडिलांचे नावही तेच.

स्क्रीनवर सॉफ्टवेअरची सूचनाही तयार होती. तक्रारीतला लायसन्स नंबर काढून टाका, सगळे नियमात बसेल. एका कळीचे काम. ऑपरेटरचा हात माऊसवर होता.

"थांबा," मी म्हणालो. "मॅडम, या दोन नोंदी एकमेकींना खोटं पाडतात. त्यातली खोटी कोणती, हे मशीनला कसं कळलं?"

मॅडमनी दोन्ही नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या. "कळलेलं नाही, सर. बदलायला सोपी कोणती, तेवढंच त्याने पाहिलं. मृत्यूची नोंद बदलली तर कोर्टाची नोंद हलते, अपघाताची हलते. मोबाईलची बदलली तर काहीच हलत नाही."

दोन साक्षीदार उलटसुलट बोलले, तर जो गरीब असेल त्याला गप्प बसवून आम्ही तपास संपवत नाही. मी दोन्ही प्रकरणांचे मूळ कागद मागवले.

अपघात चाकूरच्या अलीकडे झाला होता. अज्ञात वाहनाने पायी चालणाऱ्या माणसाला उडवले होते. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, खिशात काही नव्हते. आधी अनोळखी मृतदेह म्हणून नोंद झाली. दुसऱ्या दिवशी अहमदपूरहून थोरला भाऊ चार माणसे घेऊन आला, रडत रडत ओळख पटवली, प्रेत घेऊन गेला आणि अहमदपूरला पुरले. तिथल्या अंमलदाराने सगळे रीतसर केले होते. ओळख पटवायला सख्खा भाऊ आल्यावर त्याने तरी अविश्वास कशाला दाखवावा?

शवविच्छेदन अहवालात एक ओळ होती. उजव्या मांडीच्या हाडात जुना स्टीलचा रॉड, वरून शस्त्रक्रियेचा व्रण. मग मी चाकूच्या गुन्ह्यात अटक झाली तेव्हाची वैद्यकीय तपासणी काढली. अंगावरच्या सगळ्या खुणा तिथे लिहितात. कपाळावर एक तीळ होता. मांडीवर व्रण नव्हता.

मी ते दोन्ही कागद मॅडमपुढे शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, "सर, म्हणजे नियम मोडणारी नोंद मोबाईलची नाहीच. मृत्यूची आहे."

"आणि तसं असेल, तर आणखी एक प्रश्न उरतो," मी म्हणालो. "पुरला तो कोण?"

आधी जिवंत माणूस हातात यायला हवा होता. थोरल्याला कुणकुण लागली असती तर धाकटा दुसऱ्या राज्यात गेला असता. नांदेडच्या त्या ठाण्यातल्या सहकाऱ्याला मी फोन केला. तो हसू लागला. "अहो, तो मोबाईल सापडलाय! गेल्याच आठवड्यात ट्रेस झाला, मुद्देमालात पडून आहे."

त्यामुळे सापळ्यासाठी खोटे बोलायचीही गरज पडली नाही. ठाण्यातून निरोप गेला की मोबाईल मिळाला आहे, ओळखपत्र घेऊन या. गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होते. मोबाईल घेतला, पोच म्हणून आपल्या खऱ्या नावाने झोकात सही केली. कपाळावर तीळ होता. मी शेजारच्याच खुर्चीत साध्या कपड्यांत बसलो होतो.

"अहमदपूरचे का तुम्ही?" मी विचारले.

"हाव."

"तिथे तर तुम्ही मयत आहात."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण गडी सावरला लवकर. "मी कवा म्हणलो मी मेलो म्हून? तुमच्या कम्प्युटरची चूक असंल साहेब. मी कामाला हिकडं आलो, घरी भांडण झालं व्हतं. तिकडं कुणी काय लिहिलं, मला काय ठाव?"

उत्तर बिनतोड होते. त्याने कुठेही स्वतःला मेलेला म्हटले नव्हते. आणि थोरला भाऊ काय म्हणणार, तेही मला दिसत होते. चेहरा नव्हता साहेब, चुकून ओळख पटली. दोघांच्याही हातात निर्दोष सबब होती. जाणूनबुजून केले, हे सिद्ध करणे हेच खरे काम होते.

धाकट्याला ताब्यात ठेवून त्याच संध्याकाळी मी थोरल्याला दुकानातून अहमदपूरच्या ठाण्यात बोलावून घेतले. हार्डवेअरचे दुकान, गावात मान, बोलण्यात मार्दव. मी चहा मागवला. इकडचे तिकडचे बोललो. मग सहज विचारले, "तुमच्या भावाचं कधी ऑपरेशन झालं होतं का हो? पायाचं वगैरे?"

"छे, साहेब. ठणठणीत व्हता. दवाखान्याची पायरी न्हाई चढला कवा."

मी ते जबाबात लिहून घेतले आणि मग शवविच्छेदनाचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला. त्याने ती ओळ वाचली, पाणी प्याला.

"मंग चूक झाली म्हणायची. चेहराच नव्हता साहेब. अंगानं तसाच दिसला."

"होतं असं," मी म्हणालो. "बरं, एक आनंदाची बातमी आहे. तुमचा भाऊ जिवंत आहे."

सांगितले आणि मी गप्प राहून त्याच्याकडे पाहत राहिलो. माणसाला काय बोलायचे ते पढवता येते, पण आनंदाची बातमी ऐकल्यावर तोंडातून आपोआप निघणारा पहिला प्रश्न पढवता येत नाही. ज्याला आपल्या हातांनी माती दिली तो भाऊ जिवंत आहे असे कळल्यावर कोणीही विचारेल, कुठे आहे? कसा आहे? हा मात्र शर्टाची बाही नीट करत म्हणाला, "साहेब, मी वकिलाला फोन करू का?"

"करा की, तुमचा हक्क आहे. पण भाऊ कुठे आहे हे नाही विचारलंत?"

तो बाहीचे बटण लावत राहिला.

"विचारायची गरज नसेल. तुम्हाला माहीतच आहे. फक्त एवढं सांगा, आईला माहीत आहे का?"

त्याने मान वर केली आणि मला कळले की बांध इथेच फुटणार. आई थोरल्याकडेच राहायची. दोन्ही मुलांनी तिला काही सांगितले नव्हते. ती बोलून जाईल, ही भीती. तिने धाकट्याचे सगळे विधी केले होते.

"न्हाई सांगितलो," तो म्हणाला आणि रडू लागला. या खेपेला ते रडणे खरे होते.

मग सगळे बाहेर आले. निकालात शिक्षा लागणार हे वकिलाने सांगून ठेवले होते. धाकटा पळून जायच्या बेतात होता. तेवढ्यात बाजारात बातमी आली, की चाकूरजवळ एक प्रेत सापडले आहे आणि चेहरा ओळखू येत नाही. धाकटाच म्हणाला, मीच मेलो म्हणून सांग, कायमची कटकट मिटेल. त्या दिवशी दोघांच्या फोनवर झालेल्या बोलण्याचे तपशील पुढे आम्ही मिळवले आणि कबुलीला पुराव्याची जोड दिली.

दुसऱ्या दिवशी आई ठाण्यात आली. लेकाला पाहिल्यावर तिने आधी त्याच्या तोंडावरून, केसांवरून हात फिरवला. धाकटा खाली मान घालून उभा होता. मग तिचा हात थांबला.

"मंग मी दर सोमवारी समाधीवर बेल वाहायले, ते कुनाला रे?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायची जबाबदारी आता माझी होती.

इथे मॅडमचे काम पुन्हा लागले. मुळात पुरलेला माणूस कोण, हे आधीच का कळले नाही? कारण अनोळखी मृतदेहाची ती नोंद दोन दिवसांत "ओळख पटली" म्हणून बंद झाली होती, आणि बेपत्ता माणसांशी जुळवणी फक्त उघड्या नोंदींची व्हायची. शिवाय शेजारच्या जिल्ह्याचा डेटा वेगळा. मॅडमनी ती नोंद तात्पुरती उघडली, उंची, वय आणि पायातला रॉड एवढे टाकून दोन्ही जिल्ह्यांच्या बेपत्ता नोंदींत शोध लावला. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची नोंद पुढे आली. उजव्या पायात रॉड, किंचित लंगडत चालतो. लातूरला शिकणाऱ्या मुलीला भेटून परत निघाला तो घरी पोहोचलाच नाही. तक्रार अपघातानंतर चार दिवसांनी दाखल झाली होती. तोपर्यंत त्याचे प्रेत दुसऱ्याच्या नावाने मातीत गेले होते.

मुखेडला मी स्वतः गेलो. असली बातमी फोनवर द्यायची नसते, आणि खात्री व्हायच्या आत पूर्ण द्यायचीही नसते. घरात त्याची बायको होती आणि सुट्टीला आलेली मुलगी. मी रॉडची, ऑपरेशनच्या कागदांची चौकशी केली. बाईने निमूटपणे नांदेडच्या दवाखान्याचा एक्स-रे काढून दिला. मग पदर सावरून माझ्यासमोर बसली.

"साहेब, तुम्ही सांगत न्हाई, पण मला कळायलंय. मला एकच सांगा. ते पळून तर गेले न्हाईत ना?"

"असं का विचारता?"

"गावात बोलायलेत. लातूरला दुसरं घर केलंय म्हून. माझे सासरे मरस्तोवर बाहेर तोंड दाखवले न्हाईत. ही पोरगी शेवटाला भेटली त्यांला, तर हिलाच सगळे विचारायचे, काय म्हणला गं तुझा बाप."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी सांगितलं सगळ्यांना. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात शेंगदाण्याची चटणी जास्त आणतो. पळून जाणारा माणूस असं म्हणतो का, साहेब?"

नियमाप्रमाणे मी तपासाचे निष्कर्ष आधी सांगायला नको होते. पण पोलिसाला कधी कधी स्वतःच्या अंदाजाची जबाबदारी घ्यावी लागते आणि माझा अंदाज पक्का होता. मी म्हणालो, "ताई, ते घराकडेच निघाले होते. एवढं मी आज सांगतो. बाकीचं तपासणी झाल्यावर."

बाईने डोळ्याला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

अहमदपूरचे ते कुटुंब लिंगायत. त्यांच्यात देह जाळत नाहीत, पुरतात. आमच्या तपासाला आणि मुखेडच्या त्या घराला याचाच मोठा आधार झाला. तहसीलदारांच्या समक्ष समाधी उकरली. पंच होते, डॉक्टर होते. मांडीच्या हाडात रॉड निघाला आणि तो एक्स-रेशी जुळला. मुलीच्या रक्ताशी डीएनए जुळल्याचा अहवाल प्रयोगशाळेकडून यथावकाश आला.

अस्थी ताब्यात द्यायच्या दिवशी मुखेडहून मायलेकी अहमदपूरला आल्या. मी बंदोबस्त लावला होता, कारण दोन्ही घरची माणसे समोरासमोर येणार होती. अहमदपूरची आई काठी टेकत पुढे आली तेव्हा माझा हवालदार मध्ये जायला निघाला. मी त्याला हातानेच थांबवले.

म्हातारी त्या बाईसमोर उभी राहिली. "माझ्या लेकरांनी पाप केलं, बाई. त्याची शिक्षा त्यांला व्हऊ दे. पर तुझा माणूस इथं बेवारस पडला नव्हता. दर सोमवारी मी येत व्हते. पाणी घातले, बेल वाहिले. माझा लेक समजून रडले मी त्याच्यापाशी."

मुखेडची बाई वाकून तिच्या पाया पडली. म्हणाली, "आई, मला वाटायचं ते कुठंतरी उन्हात पडले असतील."

त्या दोघींना तिथे बोलू देऊन आम्ही सगळे जीपकडे जाऊन उभे राहिलो.

यानंतरचे काम कागदाचे, पण ते तपासाइतकेच नाजूक होते. मुखेडच्या माणसाची बेपत्ता नोंद बंद करायची तर ती एका मृतदेहाला जोडली पाहिजे. मृतदेह अडकलेला दुसऱ्याच्या नावात. ते नाव काढायचे तर बंद खटल्याचा आधारच जातो. एक खिळा काढला की दुसरा निघत होता. मॅडमनी क्रम ठरवला. आधी न्यायालयाचा आदेश घेऊन खटला पुन्हा उघडायचा, मग आरोपी हयात करायचा, मग मृतदेहाला त्याचे खरे नाव द्यायचे आणि शेवटी बेपत्ता नोंद मिटवायची. ऑपरेटर म्हणाला, जुन्या खोट्या नोंदी काढून टाकू. त्यावर मॅडम म्हणाल्या, "नाही. त्या खोट्या ठरल्या, कधी ठरल्या आणि कोणत्या आदेशाने, हे लिहून त्या तशाच राहू द्या. खोटं नोंदवलं गेलं होतं, हेसुद्धा खरंच आहे ना?" हमालावरच्या हल्ल्याच्या खटल्यात धाकट्याला शिक्षा झाली. खोटी ओळख पटवल्याबद्दल दोघा भावांवर वेगळा गुन्हा दाखल झाला. ज्या वाहनाने त्या शेतकऱ्याला उडवले ते मात्र मिळाले नाही. त्याचा शोध मी निवृत्त होईपर्यंत चालू ठेवला होता.

मुखेडच्या बाईला नवऱ्याचा मृत्यू दाखला मिळाला तेव्हा तिने तो गावच्या चावडीत सरपंचापुढे ठेवला आणि मोठ्याने वाचायला लावला. अपघाताचे ठिकाण, तारीख, सगळे. मला हे तिथल्या पोलीस पाटलाने कळवले.

नोकरीत मी माणसांना खोटे बोलताना हजारदा पाहिले आणि त्यातून एक सवय लागली होती, की कोणाच्या बोलण्यात विसंगती आली की ती धरून ओढायची. या प्रकरणाने मला शिकवले की नोंदींनाही तेच लागू आहे. विसंगती म्हणजे घाण नव्हे, की दिसली आणि पुसली. बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी बोटाची चूक असते, हे खरे. पण कधी कधी दोन खऱ्या माणसांचे आयुष्य तिथे एकमेकांत अडकलेले असते, आणि आपण सोपी बाजू पुसली तर त्यातला एक जण कायमचा हरवतो. नियम मोडला हे यंत्र बिनचूक सांगते आणि त्यासाठी मी त्याला मानतो. चूक कोणाची, हे विचारायला मात्र उठून कोणाच्या तरी दारात जावे लागते.

त्या कामानंतर मॅडमनी नव्या सिस्टीममध्ये माझ्या सहीने एक अट घालून घेतली. माणसाच्या जगण्यामरणाशी जिथे नोंद भिडते, तिथे आपोआप दुरुस्ती बंद. एका अधिकाऱ्याने प्रत्यक्ष चौकशी करून आपले नाव लिहिल्याशिवाय पुढचे बटण चालतच नाही. नव्याने आलेले अधिकारी कुरकुरतात, काम अडते म्हणतात. अडू दे. ज्याच्या नावापुढे मयत लिहायचे त्याच्या घरी एक फेरी मारायला किती वेळ लागतो?